सासरची रेघ, माहेरची रेघ

पिटुकलीला, म्हणजे माझ्या लेकीला, शाळेत कुठे घालायचं यावरून घरात चांगलीच जुंपली होती. माझं माहेर शेजारच्या देशातलं. तिकडे आई एकटी असते, म्हणून मला परत जायचं होतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी शाळेचं निमित्त पुढे केलं. "तिकडचं सरकार शिक्षणावर जास्त खर्च करतं," असं जेवताना ठोकून दिलं.

तेही नेमकं नको त्या माणसासमोर. सासरे सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"किती जास्त? कुठल्या सालापासून?"

"झालं! आता कसली आवरतायत भांडी," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने ताटात मान घातली. त्याला तिकडे नोकरी मिळत होती, पण बाप आणि बायको यांच्या मध्ये पडण्याइतका तो खुळा नाही.

बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खात्यात एक रीत होती. दोन बाजूंची तुलना असली की प्रत्येकाने समोरच्याची रेघ काढायची, कारण स्वतःच्या बाजूला हात आपोआप वर जातो. म्हणजे मी सासरच्या देशाची रेघ काढायची, त्यांनी माझ्या माहेरची. तीस वर्षांचा सरकारी खर्च, महागाई वजा करून, दर मुलामागे. ज्याची रेघ वर, तिकडे पिटुकलीची शाळा.

"आणि मागाहून कुरकुर चालणार नाही," बाबांनी बजावलं.

रविवारी सकाळी टेबलावर आलेखाचा मोठा कागद पसरला. पिटुकलीने आधीच कोपऱ्यात एक मांजर काढून ठेवलं होतं. मी दात-ओठ खात आकडे मांडत होते, पण सासरची रेघ मेली खाली यायला तयार नव्हती. मंदीच्या वर्षांत जरा वाकली, की पुढे पुन्हा ताठ! पेन्सिल हळूच घसरू द्यावी असंही मनात आलं, पण बाबांसमोर ते धाडस कुणाला होणार?

दुपारी बाबांची रेघ पूर्ण झाली आणि माझ्या रेघेच्या कितीतरी वर गेली. मला तर टुणकन उडी मारावीशी वाटली. पण सवयीने त्यांचे कच्चे आकडे चाळले आणि थबकले.

"बाबा, यात सैनिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च कसा आला?"

बाबा चष्मा पुसायला लागले. "आला असेल चुकून."

"तुमच्याकडून? चुकून?" सासूबाईंना हसू आवरेना. "घरात चमचे किती ते झोपेतही सांगतात हे!"

मी तो खर्च वगळून रेघ नव्याने काढली. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींना चिकटल्या.

"आता हो?" मी विचारलं.

"आता काय, कागदाने हात वर केले." बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझी आई तिकडे एकटी आहे. सरळ सांगितलं असतंस, तर या वयात मला खोटी रेघ काढावी लागली नसती."

मला एकदम रडूच फुटलं. या माणसाशी मी आठवडाभर वाद घालत होते!

"पण पिटुकलीशिवाय तुम्हाला करमेल?"

"मुळीच नाही करमणार," बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळून त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, त्या नोकरीला हो म्हणून टाक."