घोडीच्या छातीला लागलेला कान

मी स्टेथोस्कोप बोलतोय. उभा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेला, आज थोडं माझं ऐका.

गिरगावात वसंत डॉक्टरांच्या गळ्यात मी वर्षानुवर्षं मिरवलो. माणसं तोंडाने "काही नाही हो, बरं आहे" म्हणायची आणि छाती भलतंच सांगायची. डॉक्टर गेले आणि मी त्यांच्या लेकीकडे, सुरुचीकडे परळला आलो. ती जनावरांची डॉक्टर. मी नाकच मुरडलं. मग तिने मला घोड्याच्या छातीला लावलं. एक ठोका आला, आणि पुढचा येईपर्यंत माझा जीव टांगणीला! एवढं मोठं, एवढं संथ काळीज मी ऐकलंच नव्हतं. लांबच्या देवळात नगारा वाजावा तसं. माझी सगळी मिजास उतरली.

घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या राइडला सुरुची तपासणीसाठी जायची. तिथे लालबागची प्रिती भेटली. महालक्ष्मीच्या तबेल्यात काम करता करता ती घोडेस्वारी शिकली होती. तिची लाडकी घोडी कस्तुरी दोनदा तपासणीत नापास झालेली. "यंदाही तेच झालं तर वरातीला देऊन टाकीन," असं तबेल्याच्या मालकांनी बजावलं होतं. आणि घोडी तर बँड ऐकला तरी थरथरायची.

त्या दिवशीची राइड चाळीस किलोमीटरची होती. प्रितीचे बाबा, अजित, सोबत आले होते.

"चाळीसच गो? मोठी लोका एकशे साठ मारतत!"

"बाबा, नव्या घोड्याला आधी छोटीच राइड देतात. आणि इथे नुसतं पोचून भागत नाय. अर्ध्या तासात ठोके मिनिटाला चौसष्टवर उतरले, तरच पास."

कस्तुरी घामाने निथळत पोचली. शेवटचा चढ प्रिती तिच्या पाठीवरून उतरून सोबत चालली होती. खोगीर काढलं, मानेवर पाणी ओतलं. मी ऐकलं, बहात्तर. थोड्या वेळाने पुन्हा ऐकलं, सत्तर. प्रितीने लगाम गच्च आवळला. घोडी तिच्याकडेच बघत होती.

सुरुचीने मला प्रितीच्या छातीला लावलं आणि माझ्या नळ्या तिच्याच कानात घातल्या.

"घे, ऐक. तुझंच इंजिन सुसाट सुटलंय. आधी ते थांबव."

प्रितीने ऐकलं आणि ओशाळून हसली. लगाम सैल सोडला, घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं.

"काय नाय गो बाय, काय नाय..."

वेळ संपत आली तेव्हा मी पुन्हा कस्तुरीच्या छातीला लागलो. ठोका. मग शांतता. मग ठोका. त्या अवाढव्य काळजाने पोरीचं ऐकलं होतं! मी थक्क झालो.

"बासष्ट. पास!" सुरुची ओरडली. 'चाळीसच' म्हणणाऱ्या अजितनी वाकून घोडीच्या पायांना हात लावला.

आता माझी नळी तडकलीय. सुरुचीने नवा स्टेथोस्कोप घेतला, मी खिळ्यावर लटकतोय. कस्तुरी ऐंशीच्या राइडची तयारी करतेय. पण दर राइडच्या आधी प्रिती परळला येते, मला खिळ्यावरून काढते आणि स्वतःच्या छातीला लावते.

सुरुची, दिवाळीच्या साफसफाईत मला भंगारात टाकू नकोस गं. घोडीचं आता मला नीट ऐकू येत नाही. प्रितीचं अजून येतं.