तिसरीचा राग

माझ्या गळ्यात माझी सवत आहे. हसू नका. धन्यांची पहिली बायको राही वारली, त्यांनी मला थळहून चौलला लग्न करून आणलं आणि मांडवातच तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. बिजवराला दिलेल्या बाईला तो बांधावाच लागतो. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे माझं सगळं उष्टं. मेली तरी पहिला मान तिचाच!

टाकाचं मी कसंबसं सोसलं. पण चांद्याचं काय करू? चांद्या म्हणजे आमचा रहाटाचा बैल. त्याची आई गेली तेव्हा राहीने त्याला बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या साली, ऐन चैत्रात, धनी माडावरून पडले आणि पाय मोडून खाटेला खिळले. वाडीतली सुपारीची रोपं माना टाकू लागली. पाणी हवं तर रहाट फिरायला हवा, आणि चांद्या तर धन्यांनी हाकलं तरच चालणारा. मी त्याच्या डोळ्यांना झापड बांधली, चुचकारलं, शेवटी फोक हाणला. ठोंब्या जागचा हलेना. मान वळवून मला हुंगायचा आणि नाकातून फूं करायचा.

"अवो, हा मेला मला मोजतच न्हाय," मी खाटेपाशी येऊन करवादले.

धन्यांनी करदोट्याची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "पेटीत तळाला राहीचं लुगडं हाय. धुतलेलं न्हाय. ते नेसून जा."

धुतलेलं न्हाय! त्या पेटीची चावी यांच्या करदोट्याला का असते, ते मला तेव्हा कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण रोपं मरत होती. नेसले.

चांद्याने पदर हुंगला, लांब श्वास सोडला आणि निघाला. रहाट कुरकुरला, लोटे भरून वर आले, पाटाला पाणी लागलं. मी मागून चालत होते आणि संतापाने रडत होते. "फसलास रे फसलास! ती न्हाय, मी हाय मी!" तो आपला खुशीत चालत होता.

वैशाख आला. ते लुगडं माझ्या घामाने भिजलं, धुतलं गेलं, शेवटी फाटलं. एका सकाळी मी माझंच लुगडं नेसून गेले. चांद्याने हुंगलं आणि निमूट निघाला.

जिंकले की मी! नाचायला हवं होतं. पण थोड्या फेऱ्या झाल्या आणि मलाच ते खुपलं. जिने बोळ्याने पाजलं तिला हा इतक्यात विसरला? मी वेसण धरून त्याला थांबवलं. "मेल्या, तुला कायच कसं वाटत न्हाय रे?" तो शेपटीने माश्या वारत उभा राहिला.

घरी येऊन मी धन्यांना सांगितलं, "चांद्या राहीला इसरला."

"जनावर ते. वास गेला की मानूस गेला. आपलं तसं न्हाय ना गो," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

एरवी एवढ्यावर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मनात भलतंच आलं. उद्या मी मेले तर हे तिसरी आणतील. ती माझं लुगडं नेसेल, आणि हा मेला चांद्या तिच्यासाठीही चालेल. माझा जीव नुसता जळायला लागला.

"तिसरी करायची न्हाय, सांगून ठेवते!"

"कोन तिसरी?" ते दचकून वळले.

"मी मेल्यावरची!"

"नाव काय गो तिचं?"

"नाव न्हाय, गाव न्हाय, पन मला तिचा राग येतो!"

ते हसायला लागले. मोडका पाय धरून हसले. मग माझा हात ओढून म्हणाले, "ठमे, चांद्याला असलं कदी सुचंल काय? आनि तुला इसरायला मी काय बैल हाय?"

मी परसात गेले. टाक मुठीत धरला आणि कधी नव्हे ती तिच्याशी बोलले.

"राहीबाय, तिसरी आलीच, तर तिच्या गळ्यात आपन दोघी असू. तिला सुखानं नेसू द्यायचं न्हाय."