शेवटचा पर्याय

ओल्या फडक्याने पुसलेली काच.

पाटीवरचा ‘अ’. त्यावरून फिरून फिरून पांढरं झालेलं बोट.

मधमाश्या कमी का झाल्या, याची कारणं.

नांदेडच्या बस स्टँडवर, लातूरची एसटी हलल्यावर आई ओरडली ते : "भिऊ नकू गं!" आणि तिथूनच सुरू झालेली भीती.

डी. डी. डी. डी.

आता नीट सांगायचं तर असं. लुंबिनी मूळची हिमायतनगरची, नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. आयर्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण याच महिन्यापुरती, आणि इंग्रजी वाचनाची परीक्षा पास झाली तरच. आजवर ही परीक्षा कागदावर व्हायची. यंदा कागद बंद झाला आणि लातूरच्या केंद्रात संगणक आले.

कागदावर लुंबिनी कुणाला ऐकायची नाही. ओळीखाली बोट ठेवून वाचायची. कुठली गोष्ट डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आहे, हे जणू बोटालाच आठवायचं. पर्यायांवरही बोट टेकवत जायची, ए, बी, सी, डी. आणि खूण केल्यावर खात्रीसाठी पुन्हा एकदा. इंग्रजीच्या क्लासमधली पोरं हसायची. क्लास घेणारे रेणुकादास सर म्हणायचे, "हसू दे त्यांना. तू बोट सोडू नकोस. लातूरचं केंद्र मी स्वतः जाऊन पाहिलंय. पडद्याला बोट लावलं तर काही होत नाही."

म्हणून तिने लावलं.

पडद्यात उतारा मावत नव्हता. खालचं वर आणलं की वरचं गायब. कोपरे नव्हतेच. मघाशी वाचलेल्या मधमाश्या आता कुठे शोधायच्या? बोट पुढे सरकलं की ओळच सटकायची. तिला वाटलं, माऊस नीट धरता येत नाही, म्हणून होत असेल. तिने बोट आणखी घट्ट दाबलं.

दोन उतारे संपले. तिने सहज मागे जाऊन पाहिलं.

सगळीकडे डी.

पहिल्याला तर तिने बी केलं होतं. नक्की. तिने माऊसने पुन्हा बी केलं, खात्रीसाठी चारी पर्यायांवरून बोट नेलं. डी.

कुणीतरी आत बसून तिची उत्तरं बदलत होतं. तिने हात वर केला. पर्यवेक्षक संगप्पा, उदगीरकडचा माणूस, चपला फटफटत आला.

"सर, हे आपोआप बदलून राहिलंय."

"मशीनला भूत लागलं का काय?" शेजारचे दोघं फिस्सकन हसले. संगप्पाने वाकून पाहिलं. "ओ मॅडम, बोट! काचेला बोट कळतंय हे. भाकरी थापून राहिल्या का तुम्ही?"

"पण सर म्हणले होते..."

"कोण सर?"

तिने पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "थोडा वेळ वाढवून द्या ना."

"घड्याळ माझ्या हातात न्हाई, ताई." हे मात्र तो हळू म्हणाला.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. लुंबिनीने उजवा हात मांडीखाली दाबला आणि बिनबोटाची वाचायला लागली. ओळी पाण्यासारख्या हलल्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा आली. जीव गोळा करून तिने कच्च्या कामाची पेन्सिल उचलली, उलटी धरली आणि संगप्पाकडे पाहिलं.

"लाकूड कळत न्हाई त्याला," तो लांबूनच म्हणाला.

पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ती ओळीमागून ओळ सरकली. दोन्ही उताऱ्यांची उत्तरं दुरुस्त झाली. शेवटचा उतारा उघडला तेव्हा आकडे लाल झाले होते. वाचणं शक्यच नव्हतं. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि प्रत्येक प्रश्नाला बोटानेच डी करत गेली, पडदा पांढरा होईपर्यंत.

बाहेर येऊन फोन लावला.

"काय गं, बोट सोडलं नाहीस ना?" सरांचा आवाज आनंदी होता.

रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला.

"न्हाई सर."

सर रविवारी केंद्र पाहून गेले होते. पडदे सोमवारी बदलले.