बोरटोल्याची जर्मन गाडी

"साहब खुद नहीं आए?" दुर्गेशने विचारलं.

सेवकराम टेंभुर्णे त्या वेळी गाडीखाली होता. गोंदियातल्या राइस मिलच्या आवारात, कोंड्याच्या ढिगाशेजारी त्याने जुनं पोतं अंथरलं होतं आणि पाठीवर सरकत सरकत तो मागच्या चाकांपर्यंत पोचला होता. बाहेरून फक्त त्याची पावलं दिसत होती.

"कोनते साहेब?" खालून आवाज आला.

"जिनको गाडी लेनी है."

सेवकराम बाहेर आला, शर्टाचा कोंडा झटकला आणि म्हणाला, "मलेच घ्याची आहे."

मिलमालकाचा हा मुलगा काही वाईट नव्हता. तो मनापासून ओशाळला. त्याने खुर्ची मागवली, चहा मागवला आणि त्या ओशाळलेपणातच खरं बोलून गेला. "अंकल, सच बताऊँ? ये गाडी हमारे रोड की नहीं है. हर ब्रेकर पे पेट घिसता है. इसलिए ऊँचीवाली ले रहा हूँ."

"पेट घासते ते चालवनाऱ्याच्या हातानं," सेवकराम म्हणाला आणि त्याने चावी मागितली.

एकतीस वर्षं तो पाटबंधारे खात्यात जीपचा ड्रायव्हर होता. नवेगाव बांध तलावाच्या पाळीपासून डोंगरगावच्या कालव्यापर्यंत किती साहेब त्याने नेले आणि आणले याची त्याला मोजदाद नव्हती. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून कुणाला खरचटलंही नव्हतं. जिल्हा नवा झाला त्या वर्षी विश्रामगृहावर नागपूरचा कुणी पाहुणा अशीच एक बुटकी, रुंद खांद्यांची जर्मन गाडी घेऊन आला होता. साहेब म्हणाले, "सेवक, पाहुण्यांची गाडी जरा सावलीत लाव." फाटकापासून आंब्याच्या झाडापर्यंत चाळीस पावलांचं अंतर. सेवकरामने पाय नुसता टेकवला आणि गाडीने त्याला पाठीशी धरून पुढे नेलं. झाड आलंसुद्धा. गाडी लावून तो उतरला, चावी देऊन आला, आणि त्या दिवसापासून त्या चाळीस पावलांबद्दल कुणाशी काही बोलला नाही. बायकोशीसुद्धा नाही.

आता तो निवृत्त झाला होता. रश्मीचं, त्याच्या मुलीचं, लग्न होऊन ती भिलाईला नांदत होती. सहा वर्षं वापरलेली ही गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. त्याने ती गोंदियाहून नवेगावला आणली तेव्हा वाटेत त्याचा डावा पाय पुन्हा पुन्हा क्लच शोधत होता आणि डावा हात गिअरच्या दांड्याकडे जाऊन रिकामा परत येत होता. गाडी गिअर आपली आपण बदलत होती. कोहमाऱ्याच्या पुढे जंगल लागलं, रस्ता सरळ झाला. तिथे त्याने कुणी बघत नाही हे पाहून घेतलं आणि पाय थोडा जास्त टेकवला. मग एकटाच हसला.

घरी नीला अंगणात उभी होती. ती बोरटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होती, निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. तिने गाडीला एक फेरी मारली.

"एवढी खाली बसली आहे ते पंक्चर झाली का काय?"

"तशीच रायते ते."

"आन हे रोज कायले लागते आपल्याले?"

"तुले शाळेत सोडाले."

शेजारची रुख्माबाईही आली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की गाडी जर्मन आहे. तिने बोनेटवर बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं. "बाप्पा! जर्मलची आहे? मंग चेपून जाईन ना वो, आमचा भाताचा गंज चेपला तशी." जर्मल म्हणजे अॅल्युमिनियम आणि गंज म्हणजे पातेलं, हे झाडीपट्टीत लहान पोरालाही ठाऊक. सेवकरामने समजावून सांगितलं, पण उपयोग झाला नाही. गावात ती गाडी जर्मलचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीला नवी साडी नेसून आली आणि मागचं दार उघडून मागे बसली.

सेवकराम वळून पाहत राहिला. "मांगं काऊन बसली?"

"अशा गाडीत मांगंच बसते ना मानूस?"

 तो उतरला, फिरून पलीकडे गेला आणि पुढचं डावं दार उघडून उभा राहिला. नीलाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी उचलून पुढे येऊन बसली.

बोरटोल्याची वाट सोळा किलोमीटरची. पहिले नऊ डांबरी, पुढचे सात नावाला डांबरी. बसमध्ये नीलाच्या कमरेचे हाल होत, पण पहिल्या आठवड्यात तिला कळलं की या गाडीत हाल जास्त आहेत. सीट गुळगुळीत, आवाज नाही, आणि प्रत्येक खड्डा मात्र मणक्यापर्यंत चोख पोचतो.

"बस बरी होती," ती म्हणाली.

"गाडीचा दोष नाई. ते रस्ता जसा आहे तसा सांगून रायली."

"मले नको ना सांगू म्हना तिले."

त्या बोलण्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी सेवकरामने डिकीत फावडं, घमेलं आणि मुरुमाची दोन पोती टाकली. नीलाला शाळेत सोडून परत येताना तो एका खड्ड्यापाशी थांबला, शर्ट काढून आरशावर टांगला आणि खड्डा भरून, पायाने दाबून, पाणी शिंपडून घरी आला. रोज एक. कधी दोन. कपडे धुळीने माखायचे, पण गाडीत बसण्याआधी तो पाय झटकून चपला डिकीत ठेवायचा. निळ्या चकचकीत गाडीशेजारी बनियनवर मुरूम पसरणारा माणूस पाहून लोक सायकली थांबवत.

"कंत्राट घेतलं का, सेवकभाऊ?"

"हो. मॅडमच्या कमरेचं."

लोक हसायचे. मग कुणी घमेलं धरायचा, कुणी बैलबंडीतून मुरूम आणून टाकायचा. तीन पावसाळे गेले. दर पावसाने निम्मं वाहून जायचं आणि दर हिवाळ्यात तो पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात करायचा. पण सात किलोमीटरची ती वाट शेवटी अशी झाली की नीला गाडीत वह्या तपासायला लागली. शाळेत खिचडी रांधणाऱ्या दुर्पताबाईचा मोठा गंज याच डिकीतून कल्हई-डागडुजीला जायचा. पोरं गाडीच्या काचेत भांग पाडायची. सेवकराम त्यांना एकच गोष्ट बजावायचा, "हात लावा, खिळा नोका लावू."

गाडीला दुखणी होतीच. एक रबरी नळी नागपूरहून यायला महिना लागला, तेवढे दिवस त्याने सायकलच्या ट्यूबने काम भागवलं. सकाळी नीला उठायच्या आधी तो बोनेट उघडून उभा असायचा. नीला चहा नेऊन द्यायची आणि म्हणायची, "माह्यासमोर एवढं वाकून कधी पायलं नाई तुमी." त्यावर तो खरोखर लाजायचा.

मग दोन हजार पंधराचा पौष. नीलाला शाळेतून घेऊन तो परत येत होता. उन्हं उतरली होती, समोर रस्ता लख्ख दिसत होता. बांधाजवळच्या वळणावर डावीकडे काहीतरी खटकन वाजलं आणि नीला ओरडली.

सेवकरामने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला, पाणी आटलेल्या नालीत, बिसराम ढिवर सायकलीसकट पडला होता. गाडीचा आरसा त्याच्या हँडलला लागला होता. मासळीची टोपली उलटून बोटभर मासळी गवतात चमकत होती. बिसराम उठला, गुडघा चाचपला, कोपर चाचपलं. काही मोडलं नव्हतं. हा माणूस सेवकरामचा शाळेपासूनचा ओळखीचा.

"सेवकभाऊ," तो रागाने नाही, नवलाने म्हणाला, "मी कव्हाचा तुह्या बाजूनं चालून रायलो. दिसलो नाई का?"

 सेवकरामला खोटं बोलता आलं असतं. उन्हाची तिरीप आली, असं म्हटलं असतं तर बिसरामने ते मान्यही केलं असतं.

"नाई दिसला, बिसराम," तो म्हणाला. "अजिबात नाई दिसला."

तिघांनी मिळून मासळी वेचली. मग सेवकराम गाडीत बसला, पण चावी फिरवेना.  नीलाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ती काच खाली करून डावीकडे वळून बसली.

"चला," ती म्हणाली. "डावीकडे मोकळं आहे."

दोन किलोमीटर तो बैलबंडीच्या चालीने आला. "डावीकडे बंडी. डावीकडे दोन पोरी आहेत, दप्तरवाल्या. आता मोकळं." घरासमोर गाडी लावून त्याने चावी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कडेची नजर कधीच गेली होती, उजव्याचीही जाऊ लागली होती. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. "गाडी चालवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालवत होतो," सेवकराम म्हणाला.

आठ दिवस गाडीवर धूळ बसली. नीला बसने गेली. नवव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "दुर्गेशले फोन करतो. नाईतर कोनी दुसरा पाहू. उभी ठिवली का गाडी मरते."

"विकता कायले?"

"चालवन कोन?"

नीलाने भाताचा घास खाल्ला, वर पाणी प्यायली. "मी."

"तू पंचावन्न वर्षांची आहेस."

"मंग? गिअर ते बदलते, रस्ता तुमी केला. मले नुसतं बसाचंच तं आहे."

तो हसला नाही. पण फोनही केला नाही.

रविवारी सकाळी बांधाच्या पाळीवर शिकवणी सुरू झाली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मधे नीला दोन्ही हातांनी स्टीअरिंग आवळून बसलेली. सेवकराम डाव्या बाजूला. एकतीस वर्षांत तो त्या बाजूला कधी बसला नव्हता, आणि तिथून दिसणारा रस्ता त्याला परका वाटत होता. त्यात त्याची अर्धी नजर नाही. नीलाने ब्रेक दाबला की दोघं काचेपर्यंत जायची.

"पाय आदळू नोको! पोराच्या पाठीवर हात ठिवते तसा ठेव! किती डाव सांगाचं?"

नीलाने गाडी थांबवली. "अवो, मी पैलीच्या पोरालेही असी वरडत नाई. मले येत नाई म्हनून तं शिकून रायली."

पाण्यावर बदकं उतरली होती. 

"तुह्यावर नाई वरडून रायलो," सेवकराम शेवटी म्हणाला.

"मले माहीत आहे," नीला म्हणाली. "सांगा आता, पाय कसा ठिवू?"

त्यानंतर तो ओरडला नाही. त्याने तिला इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवलं, कारण आता त्यालाही तोच आधार होता. समोरची बैलजोडी बिचकणार असेल तर आधी कान हलतात, दारूच्या दुकानापुढे माणूस नेहमी मागे पाऊल टाकतो, शेळी आडवी गेली की तिचं पिल्लू मागून येतंच. एकतीस वर्षांचं सगळं त्याने थोडं थोडं करून तिच्या स्वाधीन केलं. ते सांगताना आपल्याला एवढं येत होतं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

जूनमध्ये तिला लायसन मिळालं. पावसाळाभर दोघं सोबत जात. तो शाळेच्या ओट्यावर बसून पोरांना पाढे म्हणायला लावायचा आणि सुट्टी झाली की तिच्याबरोबर परत यायचा. वाटेत खड्डा दिसला की आता नीला थांबायची, कुठे आहे ते सांगायची, आणि पायाजवळचं आता नीट दिसत नसल्यामुळे तो हाताने चाचपून मुरूम दाबायचा.

पोळा झाल्यावर एका सकाळी नीला तयार होऊन आली तेव्हा सेवकराम बिनबाह्यांच्या बनियनवरच बसलेला.

"उशीर होऊन रायला. चला ना."

"आज तू जाय."

"बरं नाई का?"

"बरा आहे. मी बाजूले असलो का तू माह्याकडे पाहतेस, रस्त्याकडे नाई."

 नीलाने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, त्याच्या गालावर ओघळलेला एक पदराने टिपला, आणि ती गाडीत जाऊन बसली. गाडी फाटकाबाहेर पडली. तो ओट्यावरून ऐकत होता. हळू. अजून हळू. रुख्माबाईच्या घरापुढे कोंबड्या होत्या, तिथे थांबली. मग मोकळा रस्ता लागला असावा, कारण आवाज एकदम भरला, पाठीशी धरून नेणारा, आणि सागाच्या झाडांमागे विरत गेला.

रात्री पाऊस येऊन गेला होता. सगळं अंगण ओलं होतं. फक्त गाडी उभी होती तेवढी जागा कोरडी, पांढरट, चारही बाजूंनी आखल्यासारखी राहिली होती. सेवकरामने घरातून खुर्ची आणली. पायाने चाचपून कोरडं कुठे सुरू होतं ते पाहिलं, त्याच्या बरोबर मधोमध खुर्ची ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.