मालकाच्या ओट्यापुढचा चढ

टोकावड्याच्या अलीकडे एका गावात रस्ता नेमका मालकाच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या, ओट्यापुढेच चढतो. रस्ता करणाऱ्याच्या मनात तसं काही नसेल, पण मालकाला तो चढ फार मानवला होता. त्या ओट्यापुढून पायात जोडा घालून जायची कुणाची छाती नव्हती. पाड्यावरचा लखमा एकदा तसा गेला, तर मालकाने त्याला जोडे डोक्यावर देऊन दिवसभर उन्हात उभा केला.

डोंगराकडच्या पाड्यावरचा मंगळू सायकलवर मध आणि हिरडा लादून पार शहापूरपर्यंत जाई. निघायचा पहाटे, तेव्हा ओट्यावर कुत्रंही नसे. परतताना मात्र मिठाचं पोतं मागे बांधलेलं, पुढे चढ, आणि ओट्यावर मालक पान खात बसलेला. मंगळू उतरून सायकल ढकलत नेई.

एकदा मालक चार माणसांत म्हणाला, "बघा, याला म्हणतात रीत! सायकल आली तरी मंगळू पायरी विसरला नाही. बिनसांगता उतरतो."

मंगळूच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, तो उतरत होता ते दम लागतो म्हणून! चढाचा मान हा बाबा खुशाल स्वतःच्या खिशात घालत होता. आणि आता पाड्यावरच्या पोरांना त्याचाच दाखला मिळणार.

घरी त्याने बायकोला, भिमीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग बसून जा ना चढावरून."

"सायकल चढत नाय गो."

"मंग चढंल अशी कर. डोंगर चढतोस, ह्यो काय चढ?"

शहापूरला सायकलवाल्या दामूने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "लोक येतात ते पळणारी सायकल मागतात. तू पहिलाच, हळू जाणारी मागणारा!" पण त्याने मागच्या चाकाची दात्यांची चकती काढून मोठी, जास्त दात्यांची बसवली, जुन्या चेनच्या कड्या जोडून चेन लांबवली. पाय गरगर फिरायचे, सायकल मुंगीच्या पावलाने जायची, पण चढ मऊ लागायचा. तिकडे महायुद्ध चालू होतं, नवे टायर मिळत नव्हते, म्हणून फाटलेल्या टायरच्या आत जुन्याचा तुकडा घातला. पोतं मागे असलं की चढावर पुढचं चाक उचललं जाई, म्हणून मंगळूने मीठ दोन करंड्यांत वाटून त्या पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना टांगल्या.

आणि मग त्याने पाड्यावरच्या माणसासारखीच चूक केली. बैलगाडीच्या आसाला थापतात तसं चेनला मोहाचं तेल हात भरून थापलं. मुरबाडपासूनची सगळी लाल धूळ त्यावर बसली. ऐन ओट्यापुढे चेन करकरली, उडाली आणि मंगळू धाडकन खाली आला.

"सावकाश रे," मालक हसला. "उतरायची एवढी घाई नको."

ओट्यावरचे सगळे हसले. मंगळूला वाटलं, सायकल तिथेच दगडावर आपटावी. त्याने ती ढकलत घरी नेली. भिमीने कढत राखेच्या पाण्यात चेन बुडवून घासून काढली. सुकल्यावर त्याने एकेका कडीला काडीने थेंब सोडला आणि वरचं तेल फडक्याने कोरडं पुसून घेतलं. दर मुक्कामी तो हेच करू लागला. नवसाच्या देवालाही कुणी इतकं पुसलं नसेल.

पुढच्या फेरीला उन्हं कलताना तो चढाशी आला. ओटा भरलेला होता. मंगळू उतरला नाही. चकती मोठी, त्यामुळे सायकल इतकी हळू चालली होती की मालकाला डोळे भरून बघायला वेळच वेळ मिळाला. जोरात गेला असता तर निसटला म्हणता आलं असतं. तो निसटत नव्हता. तो मालकासमोरून जात होता.

ओट्यावर कुणी पान चघळायचंही थांबलं. मालक उठून कडेला आला. "मंगळ्या, उतर!"

मंगळूच्या छातीचा भाता झाला होता, मांड्या पेटल्या होत्या. भीती वाटत नव्हती असं नाही. पण पाय थांबेनात.

"उतर म्हणतो ना!"

मंगळूने मान वळवून त्याच्याकडे सरळ बघितलं.

"दमलो तर उतरन, मालक," तो धापा टाकत म्हणाला. "तुमच्यासाठी नाय."