तसबिरीच्या काचांचा कंदील

माझ्या बायकोनं, कांताबाईनं, घरातल्या कचऱ्यातून एक कंदील केला होता आणि तो मी माझ्या हातानं नाल्यात टाकला. वस्तीतले लोक मला आजही विहार समितीचा सच्चा चिटणीस म्हणतात. म्हणोत बापडे.

नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हा घरातल्या देवांच्या चार तसबिरी मीच भिंतीवरून उतरवल्या. नाल्यात सोडायला निघालो, तर कांता आडवी आली. "काचेनं काय केलं? काचा राहू द्या," म्हणाली. चौकटी उचकटून तिनं काचा काढल्या आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दीड वर्षानं वस्तीत पत्र्याच्या छपराचा विहार उभा राहिला. त्यातली पहिली बुद्धजयंती जवळ आली आणि कांताच्या मनानं घेतलं, तिथं कंदील लागेल तो आपल्या हातचा. विहाराच्या भिंतींची माती बायांनीच कालवली होती, पण बाईनं केलेलं म्हणून नजरेत भरेल असं तिथं काहीच नव्हतं. डालड्याचा रिकामा डबा कापून तिनं सांगाडा केला. वरच्या पत्र्यावर खिळा ठोकून ठोकून पिंपळपान उमटवलं. चार बाजूंना त्या चार काचा, काचांवर शेजारणींच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे डिंकानं चिकटवलेले. पंधरा दिवस तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. आत घासलेटची चिमणी पेटवून ठेवली, तर आमची कुडाची भिंत लाल-हिरवी होऊन गेली. मी चाटच पडलो. एवढी गुणाची बायको, आणि मी आजवर तिला भाजीतलं मीठच ऐकवत आलो होतो!

"विहारात मधोमध टांगजा," ती म्हणाली. "मले दुसरं काही नाही पाह्यजे."

समितीच्या बैठकीत कंदील सगळ्यांना आवडला. आमचे अध्यक्ष नागोराव तो फिरवून फिरवून पाहत होते. "कायचा केला गा, देवराव?" त्यांनी मला विचारलं.

डबा आणि बांगड्या एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. पण चिटणीस होऊन महिनाच झालेला, मी किती खरा माणूस हे दाखवायची मला कोण हौस! "काचा जुन्या तसबिरींच्या आहेत," मी बोलून गेलो.

"म्हंजे देव घरातून काढले अन् विहारात टांगून राह्यलो?" भगवानराव नावाचे सभासद उसळले.

नागोरावांनी कंदील खाली ठेवला. "चिटणिसाच्याच घरी असं? लोक काय म्हणतीन?"

त्यांचा राग मला कळत होता. ज्या देवांच्या देवळाच्या पायरीवरून आम्हाला हाकललं गेलं, त्यांचं काही विहारात नको, हे बरोबरच होतं. पण काच ती काच, एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. उलट मीच पुढे होऊन म्हणालो, "नेऊन टाकतो." आणि टाकला.

घरी येऊन झालेलं सांगितलं, तर कांतानं एवढंच विचारलं, "त्यायले सांगतलं कोनं?"

"मीच," मी म्हणालो.

"काचेतला देव दिसला तुमाले," ती म्हणाली. "माहे हात नाही दिसले."

समितीनं उमरखेडच्या बाजारातून कंदील विकत आणला. त्याची काच कुठली, हे कोणी विचारलं नाही. जयंतीला कांता आली, मागं बसली, वंदना म्हणाली आणि मान वर न करता घरी गेली. त्यानंतर तिनं हातानं शोभेची एकही वस्तू केली नाही.

पुढच्या वर्षी घरोघरी कंदील लावायचं ठरलं. "कांताबाईच्या हातात कसब आहे," नागोराव मला म्हणाले, "डब्याचे करू दे तिले. अन् जुन्या काचा असतीन तरी चालतीन, पुसून घेऊ."

मी निरोप घेऊन घरी गेलो. कांता तुरी निवडत होती. "त्यायले सांगा, माह्या घरात कचरा नाही उरला."

मी तिथंच घुटमळलो. तेव्हा तिनं वर पाहिलं.

"एक तुमी आहा तेवढे."

नागोरावांना मी पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.