चौथी बॅटरी

दोन वर्षांत मी तीन बॅटऱ्या बदलल्या आणि तिघींनाही मनसोक्त शिव्या घातल्या. पहिलीचा उजेड मिणमिणता. दुसरीचा पसरट. तिसरी एका सोमवारी माझ्या खिशातून निसटली आणि नऊ मजले खाली लिफ्टच्या खड्ड्यात जाऊन फुटली. खरं सांगतो, मला बरंच वाटलं, कारण तिच्याशीही माझं पटत नव्हतं. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, की आता एकदाची चांगली बघून घेतो, लहानशी पण झगझगीत. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी लिफ्टचे दोर तपासतो. एकतीस वर्षं झाली. लिफ्टमध्ये उभी राहून माणसं आरशात केस नीट करतात, तेव्हा डोक्यावरच्या सहा पोलादी दोरांनी आपल्याला धरलंय हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. नसावंच, त्यासाठी मी आहे. एकेक दोर म्हणजे शंभरावर बारीक तारांचा पीळ. चाकावरून वाकून वाकून त्यातली एखादी तार तुटते आणि तिचं टोक कुसळासारखं वर येतं. लिफ्ट थांबवायची, केबिनच्या छतावर चढायचं, हातभर हातभर दोर उजेडात बघायचा आणि तुटक्या तारा मोजायच्या. दोर छतावरच्या ज्या लोखंडी तुळईला बांधलेले असतात तिच्यावर प्रत्येकाचा आकडा खडूने लिहायचा, म्हणजे पुढच्या खेपेला कळतं किती वाढल्या. हातभर दोरात दहाच्या वर तारा गेल्या की दोर बदलायचा, असा आमच्याकडचा नियम.

माझी जोडीदार म्हणजे माझी सख्खी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. आता चौतिशीची आहे. हे काम तिला मीच शिकवलं. ती कामाला लागली आणि आठवड्याभरात साहेबापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे मला मामा म्हणायला लागले. घरी ती मला 'अरे मामा' म्हणते, कामावर 'मामा, तुम्ही'. हे तिचं तिनंच पहिल्या दिवशी ठरवलं. मीही त्या दिवशी तिला बजावलं होतं, "इथं मामा-भाची विसरायचं. दोराला नातं कळत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढची बारा वर्षं मी ते येईल त्याला ऐकवत होतो.

तिचं काम चोख, फक्त हळू. प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावायची असते आणि शेवटी त्या सगळ्या गोळा करायच्या असतात. मी खाली चहा पीत बसायचो आणि बाईसाहेब पाट्या घेऊन पाऊण तासाने उतरायच्या. मी तिला गोगलगाय म्हणायचो. ती हसायची.

आता मुद्द्याचं. माझ्या डोळ्यांत काहीतरी बिघडत होतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. दिव्यांभोवती कडी दिसायची. समोरून गाडी आली की सगळं दुधाळ व्हायचं. पण माझ्या वडिलांचे डोळे साठीच्या आत गेले, ते कायमचे, त्यामुळे मला कुणाच्या तोंडून काही ऐकायचंच नव्हतं. शिवाय कंपनीत दर वर्षी डोळे तपासतात आणि नापास माणसाला दोरांवरून काढून टेबलावर बसवतात. असे टेबलावर बसवलेले मी पाहिलेत. दुपारी तीन वाजता त्यांची तोंडं बघवत नाहीत. त्यातला एकही परत दोरांवर चढलेला मला आठवत नाही.

सुदैवानं तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता कित्येक वर्षं तोच होता. मी तो पाठ केला. खालच्या दोन ओळी आंघोळ करताना घोकायचो. ठ म ब न र. भ थ य घ ध. बायकोला वाटायचं, मी साहेबाला शिव्या देतोय. अशा रीतीने मी दोनदा पास झालो होतो आणि तिसरी तपासणी तीन आठवड्यांवर आली होती.

तर बॅटरी. हार्डवेअरच्या दुकानात एक काकू बसतात, पासष्टीच्या असतील. "काम कसलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे दोन्ही हात मोकळे लागणार. टोपीला अडकेल, लोखंडाला चिकटेल, बोटाएवढी असेल, अशी बघू." मला बाई आवडल्या. बॅटरी विकणारे सहसा आधी किंमत सांगतात.

दिवसाढवळ्या बॅटरी पारखायला त्यांनी बुटांचा एक खोका आतून काळा रंगवून, आत पत्र्याचा तुकडा बसवून ठेवला होता. एका भोकात बॅटरी घालायची, दुसऱ्याला डोळा लावायचा. पहिली त्यांनी सगळ्यात जोराची लावली. माझ्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "वा! झकास."

"आत काय दिसलं?"

"पत्रा."

"आणि?"

"खोक्यात आणखी काय असणार?"

दुसऱ्या बॅटरीतही मला पत्राच दिसला. तोही काकूंना बरं वाटावं म्हणून. तिसरी दिसायला अगदीच बापुडवाणी होती. उजेड कमी आणि जरासा तांबूस, उन्हं उतरल्यावर असतो तसा. मी डोळा लावला आणि मला गंजका पत्रा दिसला, पत्र्याला पडलेलं भोक दिसलं आणि त्यावर आडवा ताणलेला एक लाल दोरा दिसला.

"हा दोरा तुम्ही आत्ता टाकलात?"

"तो पहिल्यापासून तिथंच आहे," काकू म्हणाल्या. "फार पांढऱ्या उजेडात लाल रंग मरतो. गंजावर तर उठतच नाही. आणि डोळा दुधाळ असला की जोराचा उजेड उलटा नडतो, नुसता उजेडच दिसतो. डोळे दाखवलेत का कुणाला?"

"मी बॅटरी घ्यायला आलोय, चष्मा नाही."

"बरं," म्हणत त्यांनी तांबूस उजेडाची बॅटरी पुडीत बांधली. गिऱ्हाईक चिडलं तरी धंदा सोडायचा नाही, हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकरा मजल्यांच्या एका इमारतीत गेलो. तीन महिन्यांनी पाळी आली होती. भाची पाट्या लावायला गेली आणि मी केबिनच्या छतावर चढलो. लिफ्ट ज्या विहिरीतून वरखाली जाते त्या शाफ्टच्या भिंतीवरच्या लोखंडी रुळाला नवी बॅटरी चिकटवली. ती बरोबर तुळईच्या समोर आली. तुळईवर माझे मागच्या खेपेचे पांढरे आकडे होते. सहा. चार. सात. पाच. आठ. चार. पाचवा दोर त्याच वेळी बदलला होता. मी आठ मोजल्या होत्या, पण भाचीने हट्टच धरला, की मामा, माझ्या मते हा जाणार, बदलू या. मी साहेबासमोर म्हटलं होतं, "पोरीला भीती फार." साहेब हसला होता.

आणि माझ्या आकड्यांखाली, गंजलेल्या लोखंडावर, लाल खडूने लिहिलेले बारीक आकडे होते. नऊ. सात. नऊ. आठ. चौदा. सहा.

अक्षर माझ्या ओळखीचं होतं. नऊ उलट्या बाजूने काढायची खोड तिची लहानपणापासूनची आहे. पाऊण तास पाट्या गोळा होत नव्हत्या तर. गोगलगाय आणि पोटात पाय!

मला राग आला. शरमेच्या आधी रागच आला, हे लपवत नाही. ती वरच्या मजल्याचं दार उघडून छतावर उतरली, तेव्हा मी तुळईकडे नुसतं बोट दाखवलं. तिनं आकड्यांकडे पाहिलं, मग बॅटरीकडे.

"टॉर्च नवीन घेतलात?"

"विषय बदलू नकोस. किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष मामाला मामा बनवलंस?"

एरवी ती हसली असती. "प्रत्येक इमारतीत," ती म्हणाली. "तुम्ही चहाला गेलात की मी परत मोजते. डोळ्याने आणि मग फडक्याने. फडकं तुटक्या तारेत अडकतं, तुम्हीच दाखवलं होतंत. खरा आकडा कुठंतरी लिहिलेला हवा, म्हणून लिहिला. तुम्ही बघाल, म्हणून भीत होते. तुम्हाला दिसला नाही, तेव्हा जास्त भीती वाटली."

"मग साहेबाला का नाही सांगितलंस? काय शिकवलंय मी? दोराला नातं कळत नाही!"

"दोराला नाही कळत रे मामा. मला कळतं ना."

बारा वर्षांत कामावर पहिल्यांदाच ती मला अरे म्हणाली. मी केबिनच्या छतावरच खाली बसलो. तीही तुळईला टेकून बसली.

"मागच्या महिन्यात मला ताप होता," ती म्हणाली. "चार दिवस तू एकट्याने इमारती केल्यास. त्यातली एक आईची."

ते मला आठवत होतं. आणि त्याच आठवड्यात ताईने फोनवर माझ्याकडे गाऱ्हाणं केलेलंही आठवलं. तुझी लाडकी भाची मला सात मजले जिन्याने चढायला लावतेय, म्हणते व्यायाम कर, अंथरुणातून दिवसाला तीनदा फोन करून विचारते, माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत का? आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्यावर पोट धरून हसलो होतो.

"ताप उतरल्यावर जाऊन मोजले. ठीक होते. पण तोपर्यंत आईला जिन्याने चढवलं," ती म्हणाली. "बाकीच्या लोकांना काय सांगणार होते? सहाव्या मजल्यावर एक बाळंतीण आहे. ती रोज बाळाला घेऊन लिफ्टने उतरत होती, आणि मी घरात पडून होते. माझंच चुकलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे तुला टेबलावर बसवायचं. ते माझ्याच्याने होईना."

मी दोन वर्षं माझे डोळे लपवत होतो. तक्ता पाठ केला, साहेबाला फसवलं, ते सगळं मी माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर करतोय असं धरून चाललो होतो. आणि ही पोर दीड वर्ष माझं ओझं उचलून, वर माझे टोमणे हसत ऐकत, चाळीस-चाळीस मिनिटं अंधाऱ्या शाफ्टमध्ये एकटी मोजत बसत होती. मला स्वतःची लाज वाटली. इतकी, की तिच्याकडे बघवेना.

"मोज," मी म्हणालो. "मी बॅटरी धरतो."

पहिल्यांदाच आम्ही उलट्या जागांवर उभे राहिलो. ती मोठ्याने मोजत होती आणि मी हातभर हातभर उजेड पुढे नेत होतो. पहिल्या दोरावर ती अकरावर थांबली. मी वाकून पाहिलं. त्या चांगल्या उजेडातही मला आठच दिसल्या. तुळईवर पांढऱ्या खडूने मी अकरा लिहिलं आणि शेजारी 'बदला' असं लिहिलं. तपासणीच्या कागदावर तिनं सही केली. मी केली नाही.

पुढच्या सगळ्या इमारतींत हेच चाललं. माझ्या डोळ्यांच्या तपासणीचं ती एकदाही बोलली नाही, फक्त एकदा गाडीत बसताना म्हणाली, "मामी सांगत होती, तुम्ही आंघोळीत काहीतरी म्हणता." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तपासणीच्या दिवशी खोलीत नवीन डॉक्टरीणबाई होत्या, तक्ता मात्र जुनाच. मी रेघेवर उभा राहिलो, डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "शेवटची ओळ वाचता येते का?" त्यांनी विचारलं. भ थ य घ ध माझ्या जिभेवर तयार होतं. एकतीस वर्षांची नोकरी त्या पाच अक्षरांवर उभी होती, आणि तोंड उघडलं की काम फत्ते.

"बाई," मी म्हणालो, "हा तक्ता मला पाठ आहे. दुसरा लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातून दुसरा काढला, त्यावरची धूळ झटकली आणि खिळ्याला अडकवला. मी वाचायला लागलो. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी अडखळत झाली. चौथ्या ओळीत मुंग्या होत्या.

"पुढचं?"

"पुढचं दिसत नाही."

त्यांनी खिशातून बोटाएवढी बॅटरी काढून माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि एक लांबलचक चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी घेऊन मी बाहेर आलो. बाकावर भाची बसली होती, मांडीवर दोघांच्या टोप्या. मला बघून ती उठली.

"किती ओळी?"

"तीन."

"खऱ्या?"

"खऱ्या."

मी खिशातली बॅटरी काढून तिच्या टोपीला लावून दिली. जरा तिरकी लागली होती, ती तिनं हाताने सरळ केली.